धुराड्यावरची छत्री

जगातली प्रत्येक वस्तू पडण्याच्या बेतात आहे, असं माझ्या थोरल्या दिरांचं ठाम मत आहे. आज पडते की उद्या, एवढाच काय तो प्रश्न. आणि ती पडू नये म्हणून देवाने जी काही माणसं खाली पाठवली असतील त्यांतले आपण एक, बहुधा एकटेच, अशा समजुतीने ते आयुष्यभर वागत आले. मी त्यांना भाऊजी म्हणते. दहिसरच्या त्या बैठ्या घरात मी सून म्हणून आले त्याला सव्वीस वर्षं झाली. इतर मुली सासरी जाऊन तिथली आमटी शिकतात, मी शिडी धरायला शिकले. पहाटे पाचला उठून रक्ततपासणीच्या केंद्रात लोकांच्या शिरा शोधायच्या, दुपारी घरी येऊन भाऊजींची शिडी धरायची, हा माझा संसार. या सगळ्यात मी दमले, हे आधीच सांगून टाकते. माया नाही असं नाही, पण दमलेल्या माणसाची माया जरा कुरकुरते, तेवढं समजून घ्या.

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. अंतरपाट धरलेला, मी खाली मान घालून उभी, भटजींचं तोंड उघडं, आणि वरच्या कोपऱ्यातून दोन पाय लोंबताहेत. ते भाऊजींचे पाय. मांडववाल्याने बांबूला मारलेली गाठ त्यांना खालूनच सैल दिसली होती. मुहूर्त टळला तर दुसरा काढता येतो, मांडव पडला तर काय कराल, असा त्यांचा माझ्या वडिलांना सवाल होता. त्यांची बायको, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना मी ताई म्हणायचे, त्या दिवशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "घाबरू नकोस. आमच्या लग्नात यांनी मंगळसूत्राला तीन गाठी मारल्या आणि मग ओढून बघितलं. मानेवर वळ उठला होता माझ्या."

भाऊजी मूळचे गिरणीतले फिटर. गिरणी बंद पडली, ती मात्र त्यांना आवळता आली नाही. मग अंधेरीत लिफ्टा दुरुस्त करायच्या कामाला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पण हुद्दा काहीही असो, खिशातला पाना सुटला नाही. लोक रुमाल विसरत नाहीत तसा भाऊजी पाना विसरत नाहीत. रिक्षात बसले की पहिल्या सिग्नलला त्यांचा हात बाहेर जातो आणि आरशाचा स्क्रू आवळून परत येतो. आमच्याकडे कॅलेंडर दोन खिळ्यांवर आणि वर तारेवर असतं, त्यामुळे महिना उलटायला पक्कड लागते. देवांच्या तसबिरी भिंतीत अशा बसवल्या होत्या की त्यांच्या मागची कोळिष्टकं काढायची तर भिंत पाडावी लागली असती. कुणाच्या घरी गेलो तर बसायच्या आधी भाऊजी एखादी खुर्ची हलवून बघणार, मग दुसरी, आणि शेवटी उभेच राहणार. कसे आहात, बरं आहे ना, असलं काही ते विचारत नाहीत. "हलता काय?" असं विचारतात. म्हणजे हलतं का. वस्तूबद्दल विचारताहेत की माणसाबद्दल, हे आपण ओळखायचं. माझ्या लेकीचा दुधाचा दात हलायला लागला तेव्हा हा माणूस दोन दिवस नीट जेवला नाही. तो पडायलाच हवा, हे मी परोपरीने सांगितलं. त्यांना पटलं, पण आवडलं नाही.

आता त्या घराबद्दल. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी ते बांधलं तेव्हा आसपास दगडाच्या खाणी होत्या, आणि खाणीतल्या कामगारांसाठी त्यांनी पुढच्या खोल्यांत खानावळ घातली होती. चार चुली, तीस-चाळीस पानं. एवढा धूर बाहेर काढायचा तर धुराडं हवं, आणि विटांचं धुराडं त्या भिंतींना पेललं नसतं. म्हणून कोकणातून सुतार आणून त्याच्याकडून ऐनाच्या लाकडाचा सांगाडा करून घेतला, आतून-बाहेरून पत्रा मारला, आणि ते मंगलोरी कौलांच्या वर पुरुषभर उंच काढलं. खानावळ केव्हाच बंद झाली, चुली गेल्या, गॅस आला. धुराडं तसंच राहिलं. आम्ही त्याच्या खालच्या तोंडावर फळ्या ठोकून टाकल्या होत्या आणि विसरून गेलो होतो.

दोन वर्षांपूर्वी ताई मोरीशी घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या परत अशा उभ्या राहिल्याच नाहीत. मधल्या खोलीत पलंग टाकला, समोर टीव्ही लावला, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेत ताईंचं जग मावलं. ताई म्हणजे दिवसातून तीन वेळा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणारी बाई. भाजीवाली त्यांना विचारून भाव ठरवायची. आता संध्याकाळी टीव्हीवर कुणी बाई कोलंबीचं कालवण करायला लागली की ताई पलंगावरून तिच्या चुका काढायच्या, आणि तेवढा वेळ घर पहिल्यासारखं वाटायचं.

नेमकी त्याच सुमारास आमची गल्ली बिल्डरने घेतली. घरं एकेक करून रिकामी होऊ लागली, केबलवाल्याचा खांब पाडला गेला आणि तार गुंडाळून तो निघून गेला. आठ-दहा घरांसाठी मी नवीन तार ओढणार नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. मोबाईलवर बघा म्हणून माझ्या नवऱ्याने ताईंच्या हातात फोन दिला, पण त्यांना त्यात माणसं मुंग्यांएवढी दिसायची. तिसऱ्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या आणि जेवायलाही वळल्या नाहीत. भाऊजी दारात उभे राहून बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत होते. मग बाहेर आले आणि मला म्हणाले, "छत्री लावूया." आमच्याकडे डिशला छत्रीच म्हणतात.

डिशवाला आला. चाळिशीचा, अकोल्याकडचा, शांत माणूस. त्याने अंगणात उभं राहून आभाळ बघितलं आणि मान हलवली. पुढे खेटून अर्धा बांधलेला टॉवर, मागे फणसाचं झाड. छत्रीला दक्षिण-पूर्वेचं मोकळं आभाळ लागतं, आणि ते आमच्या वाट्याला फक्त एका ठिकाणी उरलं होतं, धुराड्याच्या माथ्यावर. डिशवाल्याने पिशवीतून लोखंडी पट्टा काढला. धुराड्याला हा पट्टा आवळायचा, पट्ट्याला पाइप, पाइपाला छत्री, झालं काम, असं त्याने समजावलं. भाऊजींनी त्याच्या हातातला पट्टा काढून घेतला.

"ह्या विटांचा नाय, लाकडाचा असा," ते म्हणाले. "पट्टो आवळलंस तर बरगडे मोडतले त्याचे."

डिशवाला म्हणाला, मग पत्र्यात चार स्क्रू मारू. भाऊजींनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने ताईंना धुराड्यावर बसवायचं सुचवलं होतं. नुसत्या पत्र्यात स्क्रू म्हणजे कागदात टाचणी. आतले लाकडाचे खांब कुठे आहेत ते शोधायचं, आरपार बोल्ट घालायचे, आतून फळी लावायची, मगच नट आवळायचा, म्हणजे जोर खांबावर येतो, पत्र्यावर नाही. डिशवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की काका, कंपनी मला एका घराला वीस मिनिटं देते. त्यावर भाऊजींनी त्याला परवा यायला सांगितलं.

तो बिचारा चार वेळा आला. पहिल्या दिवशी भाऊजी कंबरेला दोर बांधून कौलांवर चढले, दोराचं दुसरं टोक आढ्याला, दोन्हीकडे तीन-तीन गाठी, आणि डॉक्टर छाती ठोकून बघतात तसं बोटाच्या पेराने धुराडं ठोकत बसले. पोकळ आवाज आला की पुढे, भरीव आला की खडूची खूण. मी खाली शिडी धरून. सकाळी बेचाळीस माणसांचं रक्त काढून आले होते. चार खांबांपैकी एक बुडाशी कुजलेला निघाला. छत्री राहिली बाजूला, आधी तो खांब बदलायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर स्वयंपाकघरात ओट्याच्या वर दोन पाय लोंबत होते. हे पाय मी माझ्या लग्नापासून ओळखते. भाऊजींनी फळ्या काढून धुराड्यात आतून प्रवेश केला होता, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या खानावळीची काजळी माझ्या ओट्यावर, डब्यांवर, झाकण नसलेल्या दुधाच्या पातेल्यात पसरली होती. मी पर्स खाली ठेवली आणि जमिनीवर बसले. रडावं असं वाटलं, पण रडायलाही थोडी ताकद लागते. वरून आवाज आला, "गो, एक वायसर दी." मी उठून वॉशर दिला. दुसरं काय करणार होते?

मधल्या खोलीतून ताई हाका मारत होत्या, काय झालं, काय पडलं. मी जाऊन सांगितलं की काही पडलं नाही, तुमचा नवरा धुराड्यात आहे. ताईंनी क्षणभर विचार केला आणि कित्येक दिवसांनी हसल्या. उताणं झोपलेलं माणूस हसतं तेव्हा ते डोळ्यांतलं पाणी कानात जाईपर्यंत हसतं. भाऊजी काळेठिक्कर होऊन खोलीच्या दारात आले, हसण्याचं कारण त्यांना कळलं नाही, पण ते तिथून हललेही नाहीत. ताई थांबेपर्यंत उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी खांब बदलला, बोल्ट आरपार गेले, भोकांच्या भोवती डांबर भरलं, आणि पाइपाला चारही दिशांना तारेचे ताण दिले. मग भाऊजी त्या पाइपाला लोंबकळले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, सत्तर किलो वजन, धुराड्याच्या पाइपाला दोन्ही हातांनी धरून पाय अधांतरी. मी खालून ओरडले. ते वरून म्हणाले, "वारो काय सांगान येता?" वारा काही सांगून येत नाही, तेव्हा आपणच आधी वारा होऊन बघायचं, असा त्यांचा हिशोब.

चौथ्या दिवशी छत्री चढली. डिशवाला वर, मी शिडीशी, ताई पलंगावरून आवाज द्यायला. छत्री जराशी फिरवल्यावर ताई आतून म्हणाल्या, आलं. डिशवाल्याने नट आवळला आणि खाली उतरला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण भाऊजी वर गेले आणि त्यांनी तोच नट आपल्या हाताने अर्धा फेरा आवळला, तेवढ्याने छत्री केसभर फिरली आणि आतून आवाज आला, गेलं. डिशवाला पुन्हा वर. आलं. भाऊजी पुन्हा वर. गेलं. दुपार उलटून गेली. शेवटी डिशवाल्याने हात जोडले.

"काका, आता हात लावू नका. चित्र आलंय."

"चित्र इला म्हणजे घट झाला असा नाय," भाऊजी म्हणाले. पण पाना खिशात ठेवला. डिशवाला त्या दिवशी आमच्याकडे बांगड्याचं कालवण आणि भात जेवला आणि जाताना ताईंना भेटून गेला. घरी जाऊन त्याने नोकरी सोडू नये, एवढीच माझी इच्छा होती.

त्यानंतर भाऊजींचा नेम सुरू झाला. रोज दोनदा टीव्हीसमोर उभे राहायचे. बसायचे नाहीत, बघायचेही नाहीत, म्हणजे माणसं, गाणी, बातम्या यांतलं काहीच बघायचे नाहीत. चित्र थरथरतंय का, एवढंच बघायचे. ताई चिडायच्या, म्हणायच्या, अहो पुढून सरका, दिसत नाही. हे सरकायचे, पण नजर पडद्याच्या कडेवर. पडद्यावर एखादी बाई नवऱ्याचं घर सोडून जात असेल, ताईंच्या डोळ्यांतून पाणी येत असेल, आणि हे समाधानाने मान हलवून बाहेर पडायचे, कारण ती बाई अगदी स्थिर जात होती.

मे महिन्यात वादळाचा इशारा आला. मी दुपारी घरी पोचले तोवर वारा सुटलाच होता. आमची गल्ली एव्हाना निम्मी रिकामी होती आणि रिकाम्या घरांना कोण धरून ठेवणार? शेजारच्या घराचा पत्रा उडून आमच्या फणसात अडकला. मग आमची कौलं जायला लागली, आधी एक, मग ओळीने. मोरीवरचं गेलं, पुढच्या खोलीवरचं गेलं, धूळ आणि पाला थेट घरात. माझा नवरा कामावर अडकलेला. मी ताईंच्या पलंगावर ताडपत्री ओढत होते आणि भाऊजी कोपऱ्यातली शिडी उचलत होते. छत्री बघायला वर जायचं होतं त्यांना. मी आडवी आले, जाऊ नका म्हटलं, पाया पडते म्हटलं. त्यांनी माझं ऐकलंच नाही. दाराकडे जायची वाट ताईंच्या पलंगावरूनच होती. ताईंनी हात लांब केला आणि त्यांचं मनगट धरलं.

"बसा इथे," त्या म्हणाल्या. "चित्र दिसतंय अजून. म्हणजे हललेली नाही."

भाऊजींनी टीव्हीकडे बघितलं. खरंच चित्र दिसत होतं. डोक्यावरचं छप्पर जात होतं, आणि पडद्यावरची माणसं शांतपणे एकमेकांशी बोलत होती. भाऊजींनी शिडी भिंतीला लावली आणि पलंगाच्या कडेवर बसले. खुर्ची दहा वेळा हलवून बघणारा माणूस, पण त्या दिवशी बघितलं नाही. वीज जाईपर्यंत, चांगला अर्धा-पाऊण तास, ती दोघं टीव्हीकडे बघत बसली होती. मी गळतीखाली बादल्या ठेवत फिरत होते. प्रत्येक वेळी खोलीत आले की दिसायचं, ताईंनी मनगट सोडलेलं नाही. वीज गेल्यावरही सोडलं नव्हतं.

वादळ ओसरल्यावर मोजलं तर निम्मं घर उघडं पडलं होतं. धुराडं उभं होतं आणि छत्री जशीच्या तशी. माझा नवरा म्हणाला, दादा, घर छत्रीला बांधायला हवं होतं. त्यावर भाऊजींनी खरोखरच विचार केला, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

गणपती गेले आणि पाठोपाठ ताई गेल्या. छातीत कफ झाला, तीन दिवस इस्पितळात, चौथ्या दिवशी सकाळी संपलं. इस्पितळात भाऊजी त्यांच्या कॉटचा कठडा सारखा तपासत होते, आणि नर्स त्यांना बाहेर काढत होती, एवढंच मला त्या तीन दिवसांतलं स्पष्ट आठवतं. दिवस झाले. टीव्ही कुणी लावला नाही. दिवाळीनंतर घर सोडायची नोटीस आली.

आमचं सामान भरून झालं तेव्हा भाऊजी वर चढले. नव्या घरात भिंतीतच तार आहे, छत्री लागणार नाही, राहू दे ती, असं माझा नवरा दोनदा म्हणाला. भाऊजींनी छत्री काढायला घेतली. लावायला चार दिवस लागले होते, काढायला पूर्ण एक दिवस आणि दुसऱ्या दिवसाची दुपार. एक बोल्ट काही केल्या सुटेना, तो त्यांनी करवतीने कापला. सगळं खाली आणल्यावर मला वाटलं आता झालं. तर हे डबा घेऊन परत वर. धुराड्याला पडलेल्या भोकांमध्ये डांबर भरत बसले. पाणी आत जाऊन लाकूड कुजू नये म्हणून. पंधरा दिवसांनी ते घर पाडणार होते. मी खालून म्हटलं, भाऊजी, कशासाठी? ते म्हणाले, "तवसर?" म्हणजे, तोपर्यंत काय. त्यांनी चारही बाजूंची भोकं भरली, बोटाने सारखी केली, आणि मगच उतरले.

आता आम्ही दहिसरलाच एका इमारतीत अकराव्या मजल्यावर भाड्याने राहतो. टीव्ही खूप मोठा आहे आणि त्याचं चित्र कधीच जात नाही. भाऊजी त्याच्यासमोर उभे राहत नाहीत. बहुतेक वेळ गॅलरीत असतात. छत्री तिथे जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली आहे, कपडे वाळत घालताना पायात येते, मी ती ओलांडून जाते.

परवा संध्याकाळी मी कपडे काढत होते, तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, "त्या दिवशी वाऱ्यात काय चालू होता गो टीव्हीर?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती दोघं आयुष्यात एकदाच शेजारी बसून काहीतरी बघत होती, आणि भाऊजींनी त्या पाऊण तासात पडद्याची कड सोडून काही बघितलं नव्हतं. मी आठवायचा प्रयत्न केला. माझ्या डोळ्यांपुढे बादल्या येत होत्या, ताडपत्री येत होती, ते मनगट येत होतं. पडद्यावर कोण होतं, ते काय बोलत होते, काही आठवेना. मीही बघितलं नव्हतं. घरात बघणारी एकच बाई होती.

"जुना सिनेमा होता," मी म्हटलं.

"बरो होतो?"

"चांगला होता. ताईंना आवडला होता."

त्यांनी मान हलवली. मी कपड्यांच्या घड्या घालत तिथेच बसले, ते समोरच्या इमारतींकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, शेवट काय झाला. मी म्हटलं, शेवटाच्या आधी वीज गेली.